पंडिता रमाबाई आणि चिंतेचा भार

फेब्रुवारी महिना सरू लागला, की आमच्या शाळेच्या ओसरीवरचे वातावरण पालटते. एरव्ही मधल्या सुट्टीत ज्यांच्या गलक्याने शिक्षकांच्या खोलीत एकमेकांचे बोलणे ऐकू येऊ नये, तीच मुले भिंतीला टेकून पुस्तकात डोके खुपसून बसलेली दिसतात. कोणाचे अन्न तुटलेले असते, कोणाची झोप उडालेली असते. घरी जावे, तर वडिलांस नोकरीची व घरभाड्याची विवंचना, आईस आजारपणाची व धाकट्या भावंडांची विवंचना. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या आमच्या या उपनगरांत जेथे चिंता ही बिनबोलावलेली पाहुणी येऊन बसलेली नाही, असे घर शोधूनही सापडणे कठीण. चिता आणि चिंता या दोन शब्दांत एका अनुस्वाराचाच काय तो भेद, असे आपले वडीलधारे म्हणत आले आहेत, ते उगीच नव्हे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आम्हांस आठवते. आमचा एक अत्यंत अभ्यासू विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी दारापर्यंत आला आणि तेथूनच परत फिरला. त्याच्या हातापायांस कंप सुटला होता. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला, चिंता सोडून देवावर भाव ठेवण्यास सांगितले. आणि त्या शब्दांनी त्याचा कंप तिळभरही उणा झाला नाही. तेव्हापासून आमच्या मनास एक टोचणी लागून राहिली, की देवावर भाव ठेवणे म्हणजे नेमके काय करणे, हे ज्यास स्वतःस उमगले नाही, त्याने ते दुसऱ्यास सांगण्यास जाऊ नये. पुढे ही गोष्ट आम्हांस जी थोडीबहुत समजली, ती कोणा धर्मशास्त्राच्या ग्रंथावरून नव्हे, तर एका स्त्रीच्या चरित्रावरून. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. विदुषी म्हणून आणि अनाथ स्त्रियांची कैवारीण म्हणून त्यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु हीच स्त्री आयुष्याची पहिली तेहेतीस वर्षे भय आणि अस्वस्थता यांशी झगडत होती, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नाही. त्या झगड्याचीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात, आज जो प्रदेश कर्नाटकात मोडतो तेथील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांस देववाणी शिकविणे हे ज्या काळी पाप समजले जाई, त्या काळी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि याबद्दल उडुपी येथे जमलेल्या विद्वानांपुढे शास्त्राधार दाखवून आपला पक्ष मांडला. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ही रमा वेताच्या पेटाऱ्यात होती आणि तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर होता. तेव्हापासून सुमारे वीस वर्षे रमाबाईंस स्थिर असे घर म्हणून मिळाले नाही. देवळांच्या मंडपांत पुराण वाचावे, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावी, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम होता. आईपाशी बसून रमाबाईंनी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनंतशास्त्री हे निष्ठावंत आणि निर्लोभी पुरुष होते. पुण्य जोडावे, देवास संतुष्ट करावे, म्हणजे देव आपला सांभाळ करील, या श्रद्धेने त्यांनी जवळचे द्रव्य दानधर्मांत, उपासतापासांत आणि यात्रांत वेचले. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या मनावर एक संस्कार खोलवर झाला. तो हा, की आपले कल्याण आपण जोडलेल्या पुण्यावर अवलंबून आहे. आणि संकट आले, तर आपल्याकडून काहीतरी उणे पडले असले पाहिजे. हा हिशेब मनुष्यास कधी निश्चिंत होऊ देत नाही. कारण किती केले म्हणजे पुरे, हे त्यात कोठेच लिहिलेले नसते. असा हिशेब सर्वच धर्मांतील माणसे मांडतात. आम्ही ख्रिस्ती लोकही त्यास अपवाद नाही, हे पुढे दिसून येईल.

इ. स. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नटंचाईने घोर रूप धारण केले, आणि पुढे १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. डोंगरे कुटुंबाजवळचा पैसा संपला, मग भांडी गेली, वस्त्रे गेली. अंगमेहनत करणे त्यांच्या कुलास ठाऊक नव्हते आणि भीक मागणे मनास रुचत नव्हते. तिरुपतीजवळच्या रानात झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. शेवटी वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास याने कुलाभिमान बाजूस ठेवला आणि आपण मजुरी करून आईबापांस पोसू, असे सांगितले. तो बेत सुटला. परंतु उपासांनी खंगलेला त्यांचा देह थोड्याच दिवसांत पडला. जाण्यापूर्वी त्यांनी रमेस जवळ घेऊन परमेश्वराच्या हाती सोपविले, आणि जन्मभर त्याचीच होऊन राहण्यास सांगितले. पाठोपाठ आई गेली. तिची तिरडी उचलण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, आणि बाकीचा भार मुलांस उचलावा लागला. रमाबाई उंचीने ठेंगण्या, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर तिरडी घेऊन त्या स्मशानापर्यंत चालत गेल्या. काही काळाने बहीण कृष्णाबाईही निवर्तली.

राहिली दोघे भावंडे. त्यांनी पायी चालत दक्षिणेपासून काश्मीरच्या वाटेपर्यंत सारा देश पालथा घातला. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, आणि रात्री काढल्या. ज्यांस उद्याची भाकरी कोठून येणार याची काळजी वाटते, त्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणावे. सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलीस भूक, थंडी आणि मरण यांची ओळख इतक्या जवळून झाली होती.

इ. स. १८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांची विद्वत्ता पाहून पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या त्या मुलीचे नाव देशभर झाले. परंतु कीर्तीने काळजी हटत नाही. १८८० च्या मे महिन्यात श्रीनिवासशास्त्री डाक्क्यास आजारी पडले व तेथेच वारले. त्या अखेरच्या दुखण्यात त्यांस स्वतःच्या मरणापेक्षा बहिणीचाच घोर लागून राहिला होता. आपल्यामागे या जगात ती एकटी कशी राहील, हा प्रश्न त्यांस सुटत नव्हता. रमाबाईंनी त्यांस सांगितले, की तुमची काय किंवा माझी काय, काळजी वाहणारा देवावाचून आहे कोण? हे ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावरची छाया गेली. देवच काळजी वाहत असेल तर आपणांस कशाचेच भय नाही, असे समाधान त्यांनी बोलून दाखविले. ही हकीकत रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे. मौज ही, की ज्या शब्दांनी भावाचे भय गेले, ते शब्द बोलणारीच्या स्वतःच्या हृदयात अजून उतरावयाचे होते. त्यास आणखी अकरा वर्षे लागली.

त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि आसामातील सिल्चर येथे संसार मांडला. १८८१ साली मनोरमा झाली. त्या घरातील ग्रंथसंग्रहात रमाबाईंस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली, आणि ख्रिस्ताच्या चरित्राशी त्यांची पहिली ओळख झाली. परंतु घराचे सुख फार दिवसांचे नव्हते. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या आजाराने पतीचे निधन झाले. अवघ्या तेवीस वर्षांच्या वयात, मांडीवर वर्षाचेही न झालेले मूल घेऊन रमाबाई विधवा झाल्या. जिचे आईबाप, बहीण, भाऊ आणि पती आठ वर्षांच्या आत एकामागून एक गेले, तिच्या मनात उद्याच्या दिवसाविषयी धास्ती बसली तर त्यात नवल ते काय?

रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांस पाठबळ दिले. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे स्त्रियांस शिक्षिका व वैद्य होण्याची संधी मिळावी, अशी साक्ष दिली. स्वतः वैद्यकी शिकावी, या हेतूने त्या १८८३ साली मनोरमेसह इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रमात राहू लागल्या.

तेथे त्यांजवर आणखी एक घाव पडला. पुण्याहून त्यांच्या सोबतीस गेलेल्या आनंदीबाई भगत या परक्या देशात मनाचा तोल जाऊन बसल्या, आणि त्यांचा तेथेच दुःखद अंत झाला. या धक्क्याने रमाबाई इतक्या खचल्या, की ऑक्सफर्ड येथे पंडित मॅक्स म्युलर यांच्या घरी राहत असता रात्री त्यांच्या खोलीत सोबतीस एका दासीस निजवावे लागे. त्यांच्या ऐकण्याच्या शक्तीसही अपाय झाला आणि वैद्यकीचा विचार कायमचा सोडावा लागला. वाचकहो, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पायी गेलेली, पंडितांच्या सभा जिंकलेली ही स्त्री रात्री एकटी निजू शकत नव्हती! ज्या विद्यार्थ्याचे हातपाय परीक्षेच्या दारात कापले, त्यास भित्रा म्हणण्यापूर्वी ही गोष्ट आपण सर्वांनी स्मरावी. मनावर घाव बसले म्हणजे देह थरथरतो. तो भेकडपणा नव्हे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. भगिनीसंघाच्या लोकांनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची चालविलेली सेवा त्यांनी लंडनमध्ये पाहिली होती; शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला दयेचा व्यवहार त्यांनी वाचला होता; आणि मूळचे काशीचे शास्त्री असलेले फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखांनी त्यांच्या बुद्धीची खातरी केली होती. आमच्यासारख्या ख्रिस्ती मनुष्याने चरित्र लिहावयाचे, तर येथेच ते आटोपते घ्यावे, बाप्तिस्मा झाला आणि सर्व चिंता पळाल्या असे लिहून मोकळे व्हावे, असा मोह होतो. परंतु ते खरे नाही, आणि रमाबाईंस असत्य कधी खपले नाही. चेल्टनहॅमच्या विद्यालयात संस्कृत शिकविताना आणि स्वतः शिकताना त्या आपल्या गुरुभगिनींशी मतांविषयी सारखा वाद करीत होत्या. त्यांच्या बुद्धीने धर्म स्वीकारला होता. परंतु हृदयातला जुना हिशेब चालूच होता. पूर्वी पुण्याची मोजदाद होती, आता प्रार्थनांची व कर्तव्यांची होती. वही बदलली, हिशेबनीस तोच राहिला.

इ. स. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी यांस त्या वर्षी मार्च महिन्यात फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या संकल्पित शाळेस दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. स्वदेशी परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० साली सदन पुण्यास हलविण्यात आले.

बाहेरून पाहता रमाबाईंचे आता सर्व ठीक चालले होते. आतून मात्र त्या थकल्या होत्या. याच सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. वर्षानुवर्षे दुसऱ्यांस उपदेश करीत असता, त्या उपदेशाचा अनुभव आपणांस स्वतःस नाही, हे त्या उपदेशकास एके दिवशी उमगले होते. ते वाचून रमाबाई आपल्या अंतःकरणाकडे वळल्या. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांस कळून आले, की आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ज्याच्या पायी भार टाकावयाचा त्या ख्रिस्तावर तो टाकलाच नाही. परमेश्वराची प्रीती ही आपण मिळवावयाची मजुरी नसून, आपण काहीही मिळविण्यापूर्वीच त्याने दिलेली देणगी आहे, आणि ती दीनातल्या दीनास, रिकाम्या हातीही घेता येते, ही गोष्ट त्या दिवसांत त्यांच्या बुद्धीतून हृदयात उतरली. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा पालट मोकळेपणाने सांगितला आहे. लहानपणापासून चालत आलेला हिशेब येथे मिटला. बापाने मरतेवेळी ज्याच्या हाती सोपविले, भावास ज्याच्या नावाने धीर दिला, त्याच्या हाती रमाबाईंनी आता स्वतःस सोपविले.

खरी कसोटी यापुढेच आली. सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस आपण होऊन बसू लागल्या, यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारख्या सन्माननीय सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि पंचवीस-एक मुली पालकांनी काढून नेल्या. दोन्ही पक्षांचे म्हणणे आज शांतपणे वाचता येते. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर मुली पाठविलेल्या पालकांचे दुःख खोटे नव्हते, आणि आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी लावून घेण्यास रमाबाई तयार नव्हत्या, हेही खरे. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की दहा वर्षांपूर्वी एका धक्क्याने जी रात्री एकटी निजू शकत नव्हती, तीच स्त्री या वादळात आपली शाळा चालवीत राहिली.

मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे मरत असल्याच्या वार्ता ऐकून रमाबाईंच्या डोळ्यांपुढे वीस वर्षांपूर्वीचे ते रान, ती तिरडी आणि ते वाळूचे खड्डे उभे राहिले. आमच्या मते त्यांच्या सर्व चरित्राचे मर्म या ठिकाणी आहे. ज्या आठवणींनी दुसरी एखादी व्यक्ती कायमची घाबरून गेली असती, त्याच आठवणी रमाबाईंस दुष्काळाच्या प्रदेशात घेऊन गेल्या. विश्वासाने त्यांच्या आठवणी पुसल्या नाहीत. त्या आठवणींस काम लावून दिले. मदतछावण्यांतून त्यांनी सुमारे तीनशे मुली व विधवा सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, आणि नव्या माणसांस शहरात आणण्यास अधिकाऱ्यांची मनाई होती. तेव्हा पुणे व दौंड यांच्या दरम्यान केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू व झोपड्या उभारून त्यांनी या मुलींची सोय लावली. मुक्ती सदनाचा आरंभ तो हा.

शारदा सदनास अमेरिकेतून मदत येत असे. परंतु या शेकडो उपाशी मुलींच्या खर्चाची हमी कोणीच घेतलेली नव्हती. ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर यांनी केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ बालके कशी सांभाळली, हे रमाबाईंनी वाचले होते. त्यांनी तोच मार्ग धरला. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या, आणि केडगावच्या रहिवाशांची संख्या दीड हजारावर गेली.

मात्र प्रार्थना करावयाची आणि हात जोडून स्वस्थ बसावयाचे, असा अर्थ रमाबाईंनी कधी केला नाही. केडगावी विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, शंभरावर गुरे पाळली गेली. मुली विणकाम, तेलाचा घाणा, छापखान्यातील खिळे जुळविणे अशी कामे शिकल्या; अंध स्त्रियांस बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविण्यात आली. ज्या कुलात मजुरी करणे अशक्य वाटल्यामुळे बाप जलसमाधीस निघाला होता, त्या कुलातील मुलीने दीड हजार स्त्रियांस हातांनी काम करण्यास शिकविले, हा योगायोग नव्हे. आणि परमेश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे, असेही त्यांनी मानले नाही. प्लेगच्या दिवसांत आपल्या सदनातील एका मुलीची रुग्णालयात आबाळ झाल्याचे कळताच त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारास जाब विचारला, आणि तो प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. करावयाचे ते सर्व करावे. फळाचा भार मात्र आपल्या छातीवर घेऊन निजू नये, हा त्यांचा क्रम होता.

उत्तरवयात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम अंगावर घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीसही ते समजावे, असा त्यांचा कटाक्ष होता. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियाच करीत. कान जवळजवळ गेले होते, प्रकृती ढासळली होती. तरी काम खंडले नाही. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु शेवटची परीक्षा राहिली होती. ज्या मनोरमेस सहा महिन्यांची, वर्षाची असल्यापासून उराशी धरून त्यांनी तीन खंड पाहिले, आणि जी आपल्यामागे सर्व कार्य सांभाळील अशी आशा होती, ती गुणी कन्या १९२१ च्या जुलै महिन्यात मरण पावली. आईने शोक केला, यात शंका नाही; ख्रिस्तभक्तास रडू येत नाही, असे कोणी समजू नये. परंतु बायबलाचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे समग्र भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, आणि केडगावचे मुक्ती सदन आजही अनाथांस आसरा देत आहे.

आता या चरित्रापासून घ्यावयाचा बोध. आमच्या शाळेत अनेक धर्मांची मुले एका बाकावर बसतात, आणि सर्वांच्या पोटातला परीक्षेच्या दिवशीचा गोळा मात्र एकाच धर्माचा असतो! म्हणून आम्ही हा बोध सर्वांसाठीच सांगतो. पहिली गोष्ट अशी, की चिंता एका दिवसात जात नाही. रमाबाईंस बाप्तिस्म्यानंतरही आठ वर्षे लागली. तेव्हा आज प्रार्थना करूनही ज्याचे मन स्थिर होत नाही, त्याने आपला विश्वास खोटा आहे, असे समजून दुप्पट चिंता करू नये. दुसरी गोष्ट, चिंतेचे मूळ बहुधा कामात नसते, हिशेबात असते. मी अमुक गुण मिळविले तरच मी आईबापांच्या, गुरुजींच्या आणि देवाच्या प्रीतीस पात्र, हा तो हिशेब. ख्रिस्ताने शिकविलेला पिता अगोदर प्रीती करतो आणि मग काम सांगतो. ज्यास ही खूण पटली, तो काम कमी करीत नाही, निर्भयपणे करतो. तिसरी गोष्ट, ज्याचे मन आतून मोडले आहे, त्याने ते लपवू नये. आईवडिलांस, शिक्षकांस, आवश्यक तर वैद्यास सांगावे. रात्री खोलीत सोबतीस दासी निजविणे रमाबाईंस कमीपणाचे वाटले नाही. वैद्याची किंवा समुपदेशकाची मदत घेणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे, परमेश्वर त्यांच्या हातूनही भार उचलतो.

तो जो आमचा विद्यार्थी दारातून परत फिरला, त्याजकडे आम्ही पुढे अनेकदा गेलो. आता आम्ही त्यास उपदेश केला नाही. त्याच्याजवळ बसलो, त्याचे ऐकले, आणि एके दिवशी रमाबाईंची ही हकीकत सांगितली. वाळूच्या खड्ड्यांची गोष्ट ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. त्याच्या वडिलांनीही, निकाल काहीही लागो, तू आमचाच आहेस, असे त्यास आपण होऊन सांगितले. आणि आमच्या मते त्या एका वाक्याने आमच्या सर्व बोलण्यापेक्षा अधिक काम केले. पुढच्या वर्षी तो परीक्षेस बसला. हात थोडा कापत होता, असे त्याने नंतर सांगितले. परंतु तीन तास त्याने लेखणी खाली ठेवली नाही.

मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या घाटकोपर-मुलुंडच्या फलाटांजवळून धडधडत निघून जातात, आणि पुढे घाट चढून, पुणे मागे टाकून, केडगाव स्थानकावरून जातात. विद्यार्थीमित्रांनो, पुस्तक हाती धरून फलाटावर उभे असता अशी एखादी गाडी समोरून गेली, तर याच रुळांच्या दुसऱ्या टोकास एका घाबरलेल्या, पोरक्या मुलीने दीड हजार पोरक्यांस आसरा दिला, याचे स्मरण करा. ज्याने तिचा भार घेतला, तो तुमचाही घेण्यास समर्थ आहे. तुमच्या अभ्यासास यश येवो, आणि यशापयशाच्या पलीकडची ती शांती तुम्हां सर्वांस, तुमच्या घरच्या मंडळींसह, लाभो, हीच आमची प्रभुचरणी प्रार्थना.